घशातला कापूस

इकडे ये बाई, जवळ सरक. तू यवतमाळात अन् मी इकडे महागावच्या बाजूला, मग जवळ कशी सरकू म्हणशील, तर निदान कान तरी जवळ आण. मला तुला रागवायचं आहे, आणि लांबून रागावलं की ते नुसतं ओरडणं वाटतं.

परवा फोनवर म्हणालीस, "काही नाही मावशी, थोडा थायरॉइड निघाला." जसा तांदळात खडा निघाला आणि निवडून बाजूला ठेवला. गोळी घेतेस का विचारलं, तर म्हणे आठवली तर घेते. डबा खातेस का विचारलं, तर म्हणे कचेरीत वेळच होत नाही, चहावर भागतं. आणि हे सगळं हसत हसत. अगं, तू शिकलेली, चार माणसांवर देखरेख करणारी. आणि चूक करतेस ती माझीच, जुनीपुराणी, जी मी तुझी आई जिवंत असताना करून मोकळी झाले. तेव्हा आता माझं ऐक. लांबेल थोडं. मी बोलायला लागले की लांबतंच, ते काही आज नवीन नाही.

ती कापसाची वाईट वर्षं. त्यातल्या एका साली आमच्या घरात कापूस राहायला आला होता. राहायलाच म्हणते मी. शेतातून वेचून आणला आणि विकलाच नाही, कारण भाव नव्हता. आज नाही तर संक्रांतीला येईल, संक्रांतीला नाही तर होळीला, असं म्हणत गावात घरोघरी कापूस भरून ठेवलेला. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरली. मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तो सरकत आला. देवघरात जायला एक वाट ठेवली होती, एका माणसापुरती. समोरून कोणी आलं की एकानं कापसात पाठ घुसवून दुसऱ्याला जाऊ द्यायचं. विस्तवाची भीती, म्हणून देवाचा दिवा ओसरीवर आणून लावायचा, आणि आमच्या ह्यांना विडी ओढायला पार गोठ्याच्या पलीकडे जावं लागायचं. पाहुणा आला तर खाट टाकायला जागा नाही. तो कापसावर बसायचा, आणि बसला की कमरेपर्यंत आत. एकदा थोरल्या मुलीचे सासरे असे रुतले की दोघांनी हात धरून त्यांना ओढून काढलं. चहा मात्र ते आत रुतल्या रुतल्याच प्यायले, कप वर धरून, मोठ्या रुबाबात.

कापूस असा घरात भरला की त्याचे तंतू सगळीकडे जातात. वरणात, केसात, पांघरुणात. अंगाला खाज सुटते, शिंका येतात, घसा धरतो. घरातले सगळेच खाजवत होते आणि सगळेच खाकरत होते. त्यामुळे माझा आवाज बसला तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

आता माझ्या आवाजाचं तुला सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा आमच्या गल्लीत वाचता येणारी बाई मी एकटी. तेही शाळेतलं वाचणं नव्हे. शाळेत मी दोन वर्षं गेले, बाकीचं किराण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून उलगडून शिकले. श्रावणात दुपारी गल्लीतल्या बाया आमच्या ओसरीवर जमायच्या आणि मी पोथी वाचायची. माझा आवाज असा, की समोरच्या ओळीतली म्हातारी आपल्या दारात बसून सगळं ऐकायची, उठून यायची तसदी घेत नसे. शेतात मी चारचौघींसारखी, स्वयंपाकात धाकट्या जावेपेक्षा कमीच. पण पोथीचं पान माझ्याशिवाय उलटत नव्हतं. या घरात, या गावात माझी जागा काय, तर ती.

धाकटी जाऊ सातवी पास. तिला माझ्यापेक्षा भरभर वाचता येतं. पण ती वाचते म्हणजे पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी पळते. बाया म्हणायच्या, हिच्या वाचण्यात देवालेही धाप लागते.

तर संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नाव घ्यायला मी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि आतून असा घोगरा, जड आवाज आला की मागून एकीनं विचारलं, हे भाऊजी कोण आले वं. सगळ्या हसल्या, मीही हसले. कापूस आहे घशात, म्हटलं. घशात कापसाची धूळ गेली की गूळ खावा, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत. मी सकाळ, दुपार, संध्याकाळ गुळाचा खडा तोंडात धरू लागले. घसा सुटला नाही, मी मात्र रुंद होत गेले.

आणि प्रत्येक गोष्टीला कापूस होताच. चेहरा सुजला, कापसानं. कातडी कोरडी पडून हातावर खवले दिसू लागले, तेही कापसानं. केस गळायचे, ते कापसाच्या पुंजक्यांत मिसळून जायचे, म्हणून कळायचंच नाही किती गळले. सकाळी अंधार असताना उठणारी मी, उन्हं ओसरीत आली तरी माझं अंग उचलेना. जाऊ म्हणाली, एवढ्या मऊ गादीवर कोणालेही झोप येईन बाई. तिचं तरी काय चुकलं. तीही दिवसभर जांभया देत होती.

आता थोडं खरं बोलते. ते दिवस वरून हसण्याचे होते, आतून नव्हते. आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या यायच्या. अमक्या गावचा माणूस शेतात गेला तो परत आला नाही, असं बाया हापशीवर दबक्या आवाजात सांगायच्या. आमच्या ह्यांचा स्वभाव आनंदी, त्यांच्या मनात तसलं काही नव्हतं. पण माझ्या मनात होतं ना. मला एक सवय लागली. हे शेतातून घरी दिसेपर्यंत मी तोंडात घास घालत नसे. दुपारी तेच, दिवेलागणीलाही तेच. उशीर झाला की मी दार आणि चूल, चूल आणि दार. भूक लागली की चहा. मग आणखी चहा. विचारायची सोय नव्हती, विचारलं तर त्यांना वाटेल ही माझ्यावर पहारा ठेवते. ते यायचे, हातपाय धुवायचे, पोटभर जेवायचे, बैलांचं काहीतरी गमतीचं सांगायचे. मग माझ्या छातीवरचा दगड उतरायचा, पण तोवर भूकही उतरून गेलेली असायची. राहिलेलं काहीतरी खाऊन उठायची. असे मी दोन हंगाम काढले. झोपेचंही तसंच. डोळा लागला तरी कान दाराशी.

होळीच्या आधी भाव जरा हलला आणि कापूस महागावला गेला. घर असं मोठं वाटायला लागलं, की बोललं तर आवाज घुमायचा. जावेनं आणि मी खोल्या झाडल्या, सारवल्या, पांघरुणं उन्हात टाकली. आठ दिवसांत सगळ्यांचे घसे मोकळे. खाज गेली, शिंका गेल्या. माझा आवाज तिथेच. मी काठी घेऊन आढ्याचे कोपरे धुंडाळले, कुठे कापूस राहून गेला असेल म्हणून. निघालं ते एक चिमणीचं घरटं, तेही कापसाचंच.

रामनवमीला देवळात पोथी लावली. मी पहिला अध्याय कसाबसा ओढला. दुसऱ्याला बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. तिसऱ्याला जीभच जड झाली, शब्द तोंडात गोळा होऊ लागले. शेवटी समोरची म्हातारी मायेनं म्हणाली, "तू थकली बाई. श्रावणात धाकटीले वाचू दे."

मी हसून मान हलवली. घरी आले आणि पिठाच्या डब्याशी तोंड करून रडले. डबा पुसून मग भाकऱ्या थापल्या. श्रावणाला चार महिने होते.

वैशाख आला. आपल्याकडचा वैशाख तुला ठाऊक आहे, दुपारी कुत्रं पाण्याच्या टाक्याखालून हलत नाही. आणि मी शाल घेऊन बसले होते. हे बाहेरून आले, मला पाहिलं, डोक्यावरचं उपरणं सोडून घाम पुसला आणि विचारलं, काहून वं, काश्मीरले जायचा बेत आहे का. थंडी वाजते म्हटलं, तर ते आधी हसले, मग त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवून पाहिला.

त्याच आठवड्यात लग्नसराईची म्हणून कासारीण आली. तीस वर्षं तीच माझ्या हातात बांगड्या भरत होती. माझा हात सव्वादोनचा, ती न विचारता काढायची. त्या दिवशी बांगडी अंगठ्याच्या खालीच अडली. तिनं मोठी काढली, तीही अडली. अडीचची काढली, ती कशीबशी. तिनं माझा हात सोडलाच नाही, उलटापालटा करून पाहत राहिली.

"बाई, हा हात कोणाचा आणला?" ती म्हणाली.

मी म्हटलं गूळ जास्त झाला. ती म्हणाली, मी दिवसभर हातच धरते, खाण्याचा हात वेगळा आणि सुजेचा हात वेगळा. हा सुजेचा. तिच्या सुनेचा असाच झाला होता, उमरखेडच्या डॉक्टरीणबाईंनी गळ्याचं काहीतरी दुखणं सांगितलं आणि रोज गोळी चालू केली. तिनं पत्ता सांगितला, आणि माझ्या हातात भरलेल्या त्या अडीचच्या बांगड्या परत काढून घेतल्या. म्हणाली, बरी हो, सव्वादोनच्या घेऊन येतो.

उमरखेडच्या डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या मुलीच्या वयाच्या. आवाज कधीपासून असा, त्यांनी विचारलं. कापूस घरात आला तेव्हापासून, मी सांगितलं. कापूस कधी गेला, होळीला. मग त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "कापूस गेला, मग आवाज का नाही आला परत?" इतका साधा प्रश्न, आणि आमच्या घरात नऊ माणसं असून एकालाही सुचला नव्हता.

त्यांनी मला पाण्याचा घोट गिळायला लावून गळा पाहिला, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड मंदावला होता. त्यांनी सांगितलं आणि मला समजलं ते असं, की गळ्यात फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, ती अंगातला जाळ सांभाळते. चुलीत जाळ कमी पडला की तव्यावर भाकरी नुसती बसून राहते, तसं माझं सगळं बसलं होतं, आवाज, केस, पोट, मन. मी विचारलं, हे काळजीनं होतं का. त्या म्हणाल्या, नुसत्या काळजीनं होतं असं म्हणता येत नाही, पुष्कळदा शरीरच आपल्या ग्रंथीवर उलटतं, आणि ते घराण्यातही असतं. पण माणूस वेळेवर जेवत नसेल, झोपत नसेल, सारखा धास्तीत असेल, तर असं दुखणं त्याआड लपून बसतं आणि थकवा दुप्पट होतो. घराण्याचं त्या म्हणाल्या ते नीट ऐक बाई. माझ्या आईचा, म्हणजे तुझ्या आजीचा गळाही शेवटी शेवटी असाच फुगला होता.

मग खाण्याचं विचारलं. मी म्हटलं, चहा आणि गूळ. सोयाबीन खाता का, कारण ते गोळीच्या आसपास चालत नाही. मी म्हटलं, आम्ही ते पेरतो, काढतो, विकतो, खात नाही. त्या खूप हसल्या.

गोळी सकाळी उठल्याबरोबर, पाण्यासोबत, आणि मग तासभर काही नाही. चहासुद्धा नाही. मला वाटलं, यापेक्षा गळा कापला असता तरी चाललं असतं.

आता माझी खरी अक्कल ऐक. आमच्या घरात सासूबाईंपासूनची रीत, की दोघी जावांना काहीही एकटीनं खायचं नाही. माहेरून पेढा आला तर अर्धा-अर्धा. एक चिकू आला तरी विळीवर दोन तुकडे. त्या रीतीनं आमचं घर टिकलं, तिला नावं ठेवणार नाही. पण गोळी आणली त्या दिवशी जाऊ म्हणाली, मलेही लय थकवा येते बाई, उठवत नाही, केस जातात. मी तिच्याकडे पाहिलं. तीही फिकट, तिच्याही डोळ्यांखाली काळं. मग एकटीनं कशी खायची. मी अडकित्ता घेतला आणि गोळीचे दोन तुकडे केले. अर्धी तिला, अर्धी मला. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, तिला लय हुशारी वाटून राहिली. मलाही वाटू लागली. दीड महिना आम्ही रोज सकाळी अडकित्त्यापाशी बसलो, अगदी प्रेमानं.

पुन्हा रक्त तपासलं तर फारसा फरक नाही. डॉक्टरीणबाई कोड्यात पडल्या. गोळी रोज घेता ना, रोज. पाण्यासोबत, हो. चहा नंतरच, हो. मग मी जरा अभिमानानं सांगितलं, की मी काही एकटी खाणारी नाही, धाकटीलाही बरोबरीनं देते. जाऊ माझ्या शेजारीच बसली होती, तिनंही मान डोलावली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. आधी रागावल्या. दुसऱ्याचं औषध घेऊन एखादीचं काळीज धडधडायला लागलं असतं तर, म्हणाल्या. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या खाली मान घालून बसलो. मग त्यांनी जावेचंही रक्त घेतलं. तिचा थायरॉइड चांगला होता, रक्तच कमी होतं. तिला लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि तीही अर्धी-अर्धी करून मी माझ्या गोळीच्या जवळपास घ्यायची नाही, हे मला बजावलं. दोघीही जेवता केव्हा, त्यांनी विचारलं. आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

परत येताना एसटीत जाऊ खिडकीशी बसली होती. अर्धा रस्ता झाला आणि ती बाहेर पाहतच म्हणाली, "दादा येईपर्यंत तुमी जेवत नाही. अन् तुमी जेवल्याशिवाय मी कशी जेवू बाई? दोन साल झाले."

अगं, मोठीच्या आधी धाकटीनं ताट घ्यायचं नाही, ही रीत तिनं पाळली होती, आणि मला ती रीत आहे हेही आठवत नव्हतं, कारण मोठी मीच. मी दाराशी उभी राहून ह्यांना जपत होते, आणि माझ्या मागे चुलीपाशी एक बाई माझ्यासाठी उपाशी बसत होती. मी तिला म्हटलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तुमी कोणाले सांगितलं. बरोबरच होतं तिचं.

घरी आल्यावर मी ह्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं. की मी का जेवत नाही, दाराशी काय बघते, हापशीवर काय ऐकते. ते बैलाचं दावं वळत होते. हात थांबले. मग म्हणाले, "अवं, मी कुठी जातो तुमाले सोडून. जेव तू. मी येतो." आणि दावं वळायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःची भाकरी बांधून घेऊन जाऊ लागले, आणि आम्ही दोघी बारा वाजता समोरासमोर ताट घेऊन बसू लागलो. पहिल्या दिवशी घास फिरत होता तोंडात. जाऊ म्हणाली, चावा बाई, डॉक्टरीणबाई पाहून राहिल्या. हसू आलं आणि घास उतरला. सकाळच्या गोळीनंतरचा तो तास मात्र वैरी. घरात बसलं की चहाचीच आठवण. म्हणून मी पांदणीनं, त्या शेतांकडे जाणाऱ्या वाटेनं, चालत सुटायची. मग जाऊही येऊ लागली. आम्ही दोघी इतकी वर्षं एका घरात राहून जे बोललो नव्हतो, ते त्या वाटेवर बोललो. कोणाविषयी बोललो ते तुला सांगत नाही, त्यातली निम्मी माणसं अजून गावात आहेत.

श्रावण लागला तेव्हा पूर्ण गोळी सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. आवाज थोडा मोकळा झालेला, पण पहिल्यासारखा नाही. बाईंनी सांगितलंच होतं, याला महिने लागतात, घाई चालत नाही. पोथी आमच्या ओसरीवर लागली. बाया जमल्या, सगळ्या आधी माझ्याकडे आणि मग धाकटीकडे पाहायला लागल्या. मी पाटावर बसले, पोथी उघडली आणि पहिला अध्याय वाचला. हळू वाचला. दम लागला तिथे थांबले, पाण्याचा घोट घेतला, पुन्हा वाचला. तो संपला आणि मी पोथी जावेपुढे सरकवली. तिला शेजारी बसवून सांगितलं, ओळीच्या शेवटचा दंड आला की श्वास घे, तो तुझ्यासाठीच ठेवला आहे. ती वाचायला लागली, पळू लागली की मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची. माझा आवाज समोरच्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. दुसऱ्या दिवशी म्हातारीनं आपला पाट उचलला, काठी टेकत गल्ली ओलांडली आणि आमच्या ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, इथून बरं ऐकू येते. श्रावणात वाचणारी बदलली, असं मग कोणी म्हटलं नाही. वाचणाऱ्या दोन झाल्या.

दिवाळीपर्यंत माझा आवाज आला. आता तर ह्यांचं म्हणणं आहे की जरा जास्तच आला. गोळी रोज सकाळी चालू आहे, वर्षातून रक्त तपासते, बाईंना विचारल्याशिवाय कधी कमी-जास्त करत नाही. आणि एक वाचणारी माझ्याकडे कमी पडते आहे, जावेला आता चष्मा लागला. म्हणून बाई, कचेरीत दोन दिवसांची रजा टाक, तो रिपोर्ट पिशवीत घाल, आणि सकाळच्या एसटीनं ये. बारा वाजता आम्ही दोघी ताट मांडतो. तुझं तिसरं मांडते, लवकर ये.